इजिप्तचा शाह फारूक : छुप्या घड्याळांचा शौकीन बादशहा

तपकिरीची डबी उघडली की आत तपकीर असणार, अत्तराच्या कुपीत अत्तर असणार, हे कुणीही सांगेल. पण दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या जिनिव्हा शहरात अशा डब्या आणि कुप्या तयार व्हायच्या की ज्यांच्या पोटात चक्क घड्याळ लपवलेलं असायचं. बाहेरून पाहिलं तर सोन्याची डबी, हातपंखा, दुर्बीण, आरसा, अंगठी, नाहीतर छडीची मूठ. एक बारीकशी कळ दाबली की झाकण उघडायचं आणि आत टिकटिक करणारी तबकडी दिसायची. कधी कधी तर नखाएवढा पक्षी वर यायचा, पंख फडफडवायचा, चोच हलवून गायचा आणि पुन्हा आत गडप व्हायचा.

अशा वस्तूंचा विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला शौकीन कोण, असं विचारलं तर एक नाव हमखास पुढं येतं. इजिप्तचा शेवटचा राज्यकर्ता बादशहा, शाह फारूक. त्याच्यामागून त्याच्या तान्ह्या मुलाचं नाव काही महिने तख्तावर राहिलं खरं, पण राज्य करणारा शेवटचा तोच. त्याच्या हयातीत त्याच्याबद्दल इतकं बरं-वाईट लिहिलं गेलं की खरं काय आणि मीठ-मसाला कुठला, हे वेगळं करणं अवघड. तरी त्याच्या जिंदगीची हकीकत मुसलमान घरांत सांगण्यासारखी आहे. अल्लाहनं एखाद्याला वय, रूप, तख्त आणि लोकांचं प्रेम, सगळं एकाच वेळी दिलं, तर तो त्याचं काय करतो, हा सवाल या हकीकतीत आहे.

घराणं आणि बालपण

फारूकचा जन्म ११ फेब्रुवारी १९२० रोजी कैरोच्या आबदीन महालात झाला. वालिद सुलतान फुआद, जे पुढं १९२२ मध्ये इजिप्तचे राजे झाले. आई नाझली. घराणं मुहम्मद अली पाशाचं. हा मुहम्मद अली म्हणजे फारूकचा खापरपणजोबा. अल्बेनियन वंशाचा हा सरदार उस्मानी फौजेबरोबर इजिप्तमध्ये आला आणि १८०५ पासून तिथला मालकच होऊन बसला.

या घराण्याचं घड्याळाशी नातंही जुनं. मुहम्मद अलीनं लक्सरच्या देवळासमोरचा प्राचीन दगडी स्तंभ फ्रान्सला भेट दिला. तो आजही पॅरिसच्या मोठ्या चौकात उभा आहे. त्याच्या बदल्यात फ्रान्सच्या राजानं एक मोठं घड्याळ पाठवलं. ते कैरोच्या किल्ल्यावरच्या मशिदीच्या अंगणात बसवलं गेलं. पण ते नीट चाललंच नाही, वर्षानुवर्षं बंदच राहिलं. कैरोचे लोक या सौद्यावर अजूनही हसतात. हजारो वर्षांचा स्तंभ दिला आणि बंद घड्याळ घेतलं!

फुआद राजा कडक शिस्तीचा माणूस होता. मुलगा एकुलता एक, त्याच्या पाठी चार बहिणी. राजाचा असा विश्वास होता की फ हे अक्षर घराण्याला लाभतं. म्हणून मुलींची नावं फौझिया, फाइझा, फाइका, फतहिया. फारूक महालाच्या भिंतींआड वाढला. इंग्रज आया, खासगी शिक्षक, मोठाल्या बागा, पण बरोबरीचे दोस्त जवळपास नाहीत. शाळेच्या बाकावर चार मुलांत बसून शिकायचं, हरायचं, भांडायचं, हे त्याच्या नशिबी आलं नाही. वस्तू मात्र हव्या तितक्या मिळायच्या. वालिद स्वतः तिकिटं आणि घड्याळांचे शौकीन. इजिप्तमध्ये राहणाऱ्या स्विस लोकांनी १९२९ मध्ये त्यांना व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन या नामवंत कंपनीचं एक अतिशय गुंतागुंतीचं खिशातलं घड्याळ नजर केलं होतं. मुलगा हे सगळं पाहत होता.

सोळाव्या वर्षी तख्त

१९३५ मध्ये फारूकला शिकायला इंग्लंडला पाठवलं. तिथल्या लष्करी अकादमीची प्रवेशपरीक्षा काही तो पास झाला नाही. अभ्यास पुरा होण्याआधीच २८ एप्रिल १९३६ रोजी वालिदचा इंतेकाल झाला आणि सोळा वर्षांचा पोरगा घाईघाईनं मायदेशी परतला.

तो परतला तेव्हा लोकांनी रस्त्यांवर अक्षरशः गर्दी केली. गोरा, सडपातळ, देखणा तरुण. अरबी चांगली बोलणारा. वालिदना अरबी धड येत नव्हती, त्यामुळं लोकांना याचं फार कौतुक. तो जुम्याच्या नमाजला वेगवेगळ्या मशिदींत जायचा. अल-अझहरचे प्रमुख शेख मुस्तफा अल-मरागी त्याचे उस्ताद आणि पाठीराखे होते. नेक, दीनदार तरुण राजा अशी त्याची ख्याती झाली. पुढं खलीफा म्हणूनही त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

तख्तावर बसायचं वय अठरा होतं. इंग्रजी तारखेनं ते १९३८ मध्ये भरत होतं. पण हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. तेव्हा हिजरी सनानं हिशोब केला आणि फारूकला अठरा वर्षं पूर्ण झाली असं ठरलं. २९ जुलै १९३७ रोजी त्यानं शपथ घेतली आणि कारभार हाती घेतला. पुढच्या जानेवारीत साफिनाझ नावाच्या तरुणीशी त्याचा निकाह झाला. फ अक्षरासाठी तिचं नाव फरीदा ठेवलं गेलं. देशभर रोषणाई झाली.

म्हणजे पाहा, विशीच्या आत मुलाजवळ काय नव्हतं? शेकडो खोल्यांचे महाल होते, लाखो लोकांची दुआ होती. आणि इथूनच त्याच्या गोळा करण्याच्या शौकालाही हात मोकळे मिळाले.

ही छुपी घड्याळं काय होती?

थोडं या घड्याळांविषयी सांगायला हवं. सोळाव्या शतकात जिनिव्हामध्ये ख्रिस्ती धर्मसुधारकांचं राज्य होतं. दागिने घालण्यावर कडक बंदी आली. सोनारांचा धंदा बसला. मग हे कारागीर घड्याळाकडं वळले, कारण घड्याळ ही कामाची वस्तू, तिच्यावर बंदी नव्हती. १६०१ मध्ये तिथं घड्याळजींचा संघ उभा राहिला. सोनाराचा हात आणि घड्याळजीचं डोकं असे दोन्ही हुन्नर एकाच शहरात आले. त्यातूनच दीड-दोनशे वर्षांनी ही अजब चीज तयार झाली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला या कलेचा बहर होता. जाके-द्रो, लेशो, मायार्दे, रोशा बंधू, पिगे आणि मेलाँ अशी नावं आजही जाणकार अदबीनं घेतात. लंडनमध्ये जेम्स कॉक्स हा मोठा कारखानदार होता. वीणेच्या, भुंग्याच्या, फुलाच्या, टोपलीच्या, शिंपल्याच्या आकाराची घड्याळं बनायची. आत एवढीशी कमान, केसाएवढी साखळी, डाळीच्या दाण्याएवढी चाकं. बाहेर सोन्यावर मीना. मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. ती लावून भट्टीत भाजायची, पुन्हा लावायची, पुन्हा भाजायची. दर खेपेला तडा जाण्याची भीती. एक चीर पडली की महिन्यांची मेहनत वाया. कडेनं अर्धे कापलेले मोती बसवायचे.

गाणाऱ्या पक्ष्याची करामत तर फारच नाजूक. डबीच्या आत छोटा भाता असतो. तो एका शिटीत हवा भरतो. शिटीत एक दट्ट्या खालीवर सरकतो, त्यामुळं सूर चढतो-उतरतो. हा दट्ट्या कसा सरकायचा हे एक खाचा पाडलेली चकती ठरवते. त्याच वेळी दुसऱ्या तारा पक्ष्याची चोच, शेपूट आणि पंख हलवतात. हे सगळं मुठीत मावणाऱ्या डबीत. पुढं १७९६ मध्ये जिनिव्हाच्याच आंत्वान फाव्रनं पोलादी पात्यांचा कंगवा छेडून सूर काढायची युक्ती मांडली. तेव्हापासून अंगठीत नाहीतर मोहोरेतसुद्धा संगीत मावू लागलं.

अंधारात वेळ कळावी म्हणून घंटा वाजवणारी घड्याळंही होती. कळ दाबली की आतली छोटी हातोडी आधी तास आणि मग पाव तास मोजून वाजवायची. चारचौघांत खिशातून घड्याळ काढून पाहणं बेअदबी मानलं जायचं, तेव्हा पंख्यात किंवा डबीत लपवलेलं घड्याळ कामाला यायचं. पण खरं सांगायचं तर गरजेपेक्षा गंमत आणि मिरवणं जास्त. हे सगळं बादशहा आणि अमीर-उमरावांसाठीच होतं.

या बाजारात मुसलमान गिऱ्हाईक मोठं होतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. इस्तंबूलच्या उस्मानी दरबारासाठी जिनिव्हा आणि लंडनचे कारागीर मुद्दाम वेगळा माल बनवायचे. तबकडीवर आपल्या अंकांची लिपी, मीन्यावर माणसांच्या चित्रांऐवजी बहुधा फुलं, फळं, समुद्रकाठचे देखावे. आणि ही कला आपल्याला काही नवी नव्हती. हारून रशीदनं ८०७ मध्ये फ्रँक बादशहा शार्लमेनला पाण्यावर चालणारं घड्याळ भेट पाठवलं होतं. दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझरीनं १२०६ मध्ये पुऱ्या केलेल्या किताबात हत्तीचं घड्याळ आहे. बाहेरून पाहावं तर हत्ती, माहूत आणि पक्षी, पण पोटात वेळ मोजणारं यंत्र. सोळाव्या शतकात तकीउद्दीननं यांत्रिक घड्याळांवर किताब लिहिली. मशिदींत नमाजच्या वेळा काढणारे खास जाणकार नेमलेले असायचे. वेळेचा हिशोब ठेवणं ही आपल्याकडं इबादतीशी जोडलेली गोष्ट होती.

शौक वाढत गेला

फारूक फक्त घड्याळं जमवत नव्हता. तो नाणी, तिकिटं, सोन्याच्या डब्या, काचेच्या वस्तू, जवाहीर, हत्यारं असं सगळंच जमवायचा. नुसती नाणी आणि पदकं साडेआठ हजारांच्या आसपास होती. युरोप-अमेरिकेतले व्यापारी त्याचं नाव ऐकताच चांगला माल बाजूला काढून ठेवायचे. भावाची घासाघीस फार होत नसे. काडेपेटीची लेबलं आणि दाढीची पातीसुद्धा तो साठवतो, असं त्या काळची वर्तमानपत्रं लिहायची.

पण घड्याळं आणि चालत्या-गात्या डब्या यांवर त्याचा खास जीव. त्याच्या संग्रहात गाणारे पक्षी होते, संगीत वाजवणाऱ्या तपकिरीच्या डब्या होत्या, नाना आकारांची मीनेदार घड्याळं होती. रशियाच्या झारसाठी कार्ल फाबर्झेच्या कारखान्यात १९०६ मध्ये बनलेलं हंसाचं अंडंही त्यानं मिळवलं होतं. फिक्या जांभळ्या अंड्याचं झाकण उघडलं की आत निळसर खड्याचं तळं, त्यावर सोन्याचा इवलासा राजहंस. चावी दिली की हंस चालतो, पंख पसरतो. काही घड्याळांच्या मागच्या झाकणाखाली मात्र अशी चित्रं होती की ती घरच्या माणसांत दाखवता येऊ नयेत. जुम्याला पहिल्या सफेत उभा राहणारा राजा आणि लपवलेली ही चित्रं. पुढं हे उघडं पडलं तेव्हा लोकांना जास्त दुखलं ते हेच.

नवीन घड्याळंही तो स्वतःच्या मोहोरेसह बनवून घ्यायचा. पाटेक फिलिप कंपनीनं १९४४ मध्ये त्याच्यासाठी बनवलेल्या सोन्याच्या मनगटी घड्याळाच्या मागं मुकुट, चाँद-तारे आणि फ अक्षर कोरलेलं आहे. तारीख, वार, महिना, चंद्राच्या कला सगळं त्यात दिसतं.

एक किस्सा तर जगभर सांगितला जातो. फारूकनं म्हणे एका पाकीटमाराकडून हातचलाखी शिकून घेतली होती आणि महायुद्धाच्या काळात जेवणाच्या मेजावर चर्चिलसाहेबांच्या खिशातलं घड्याळ उडवलं होतं. खरं-खोटं अल्लाह जाणे. पण असा किस्सा पसरतो आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात, यातच त्या राजाची इज्जत कुठवर घसरली होती ते कळतं.

रणगाडे दारात

फारूकच्या जिंदगीतला कडवट दिवस ४ फेब्रुवारी १९४२. महायुद्ध चालू होतं, जर्मन फौजा लिबियातून पुढं सरकत होत्या. इंग्रजांना इजिप्तमध्ये आपल्या मर्जीचा वजीर हवा होता. इंग्रज राजदूत मायल्स लॅम्पसन रात्री रणगाडे घेऊन आबदीन महालावर आला. तख्त सोडण्याचा कागद तयारच होता. वफ्द पक्षाच्या नहास पाशाला वजीर करा, नाहीतर सही करा. बाविशीला आठवडा उरलेल्या फारूकनं मान तुकवली.

बरेच लोक सांगतात, की या रात्रीनंतर त्याचं मन कारभारातून उडालं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या मोटारीला मोठा अपघात झाला. त्यानंतर शरीर सुटत गेलं. रात्रभर जुगाराचे अड्डे, नाचगाण्याची हॉटेलं. शेख मरागी १९४५ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. फरीदाला तीन मुली झाल्या, मुलगा नाही, आणि १९४८ मध्ये तलाक झाला. लोकांना फरीदा आवडायची, त्यामुळं शहरात नाराजी पसरली.

त्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, की इंग्रजांनी अपमान केला नसता तर तो असा बिघडला नसता. यात थोडं तथ्य असेलही. त्याच राजानं अरब देशांना एकत्र आणायला मदत केली. १९४५ मध्ये अरब लीग कैरोत स्थापन झाली आणि १९४६ मध्ये इन्शासच्या त्याच्या महालात अरब राज्यकर्त्यांची बैठक भरली. पण अपमान तर सगळ्या देशाचाच झाला होता. शेतकऱ्याचा रोज होत होता. त्याला दुःख विसरायला सोन्याची डबी नव्हती.

बाहेरची हालत

महालाबाहेर काय चाललं होतं? बहुतेक चांगली जमीन मूठभर पाशांच्या हातात होती. स्वतः राजघराणं सगळ्यात मोठ्या जमीनदारांपैकी एक. फेलाह, म्हणजे शेतकरी, कालव्याच्या पाण्यात उभा राहून कापूस पिकवायचा आणि त्याच पाण्यातून येणाऱ्या किड्यांच्या आजारानं खंगून जायचा. १९४७ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, सुमारे २० हजार माणसं दगावली.

१९४८ मध्ये फिलस्तीनची लढाई झाली. इजिप्तची फौज पुऱ्या तयारीविना आत घुसली आणि हरून परतली. सैनिकांना निकामी हत्यारं दिली, त्यात दरबारच्या लोकांनी पैसा खाल्ला, असे आरोप झाले. परत आलेल्या अफसरांत गमाल अब्दुल नासर नावाचा एक जण होता.

फारूकनं मे १९५१ मध्ये नरिमान सादिकशी दुसरा निकाह केला आणि युरोपात लांबलचक हनिमून केला. जानेवारी १९५२ मध्ये मुलगा झाला, नाव अहमद फुआद. त्याच महिन्यात २५ तारखेला इस्माइलियात इंग्रज फौजेनं इजिप्शियन पोलिसांना मारलं. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं. हॉटेलं, सिनेमागृहं, दुकानं जळत होती आणि महालात वारसाच्या जन्माची दावत चालू होती.

डोईवर तोफांची सलामी

२३ जुलै १९५२ च्या पहाटे अफसरांनी सत्ता ताब्यात घेतली. तीन दिवसांनी, २६ जुलैला, फारूकनं अलेक्झांड्रियाच्या रास अल-तीन महालात सही केली. तख्त सहा महिन्यांच्या मुलाच्या नावे. संध्याकाळी सहा वाजता महरूसा नावाच्या शाही जहाजातून तो निघाला. २१ तोफांची सलामी दिली गेली. १८७९ मध्ये त्याच्या आजोबाला, खेदिव इस्माइलला, देशाबाहेर नेणारं जहाजही हेच होतं. बत्तीस वर्षांचा माणूस काही पेट्या घेऊन गेला. घड्याळं, डब्या, नाणी, हंस, जवळजवळ सगळं मागं राहिलं. पुढल्या जूनमध्ये राजेशाहीच संपली.

लिलाव

नव्या सरकारनं महालांची दारं उघडली. पत्रकारांना आत नेऊन खोल्या दाखवल्या. मग ठरलं, की हा माल विकायचा. लंडनच्या सॉदबीज कंपनीला बोलावलं. १९५४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कैरोच्या कुब्बा महालात लिलाव झाला. ज्या महालात फारूक लहानाचा मोठा झाला, त्याच बागेत आणि दालनांत युरोप-अमेरिकेचे व्यापारी खुर्च्या टाकून बोली लावत होते. माल इतका, की नाण्यांचे तर गठ्ठेच्या गठ्ठे एका बोलीत गेले. काही जाणकारांनी मातीमोल भावात अनमोल चीजा उचलल्या.

फाबर्झेचा हंस गेला तो आज स्वित्झर्लंडच्या सँडोझ घराण्याच्या संग्रहात आहे. म्हणजे ज्या मुलखात अशा यंत्रांचा हुन्नर वाढला, तिथंच तो पोचला. एका नाण्याची गोष्ट तर नवलाची. अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, जे कधी चलनात आलंच नाही, ते फारूकजवळ होतं. अमेरिकी सरकारनं हरकत घेतल्यावर ते लिलावातून काढलं आणि मग ते गायबच झालं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये असं एक नाणं पकडलं गेलं. ते फारूकचंच मानून २००२ मध्ये विकलं, तेव्हा ७५ लाख डॉलरच्या वर किंमत आली, आणि २०२१ मध्ये तर सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर. चाँद-तारे कोरलेलं ते पाटेक घड्याळही २०२१ मध्ये दुबईत ९ लाख १२ हजार ५०० डॉलरला गेलं.

सगळंच गेलं असं नाही. अलेक्झांड्रियात एका शहजादीच्या महालात १९८६ पासून शाही जवाहिरांचं संग्रहालय आहे. घराण्याचे दागिने, घड्याळं, तपकिरीच्या डब्या तिथं पाहायला मिळतात. तिकीट काढून कुणीही आत जावं.

परदेशी मौत, मायदेशी कबर

फारूक इटलीत राहिला. आधी कॅप्री बेट, मग रोमच्या आसपास. नरिमान मुलाला सोडून मायदेशी परतली, तलाक झाला. १९५९ मध्ये त्यानं मोनॅकोचं नागरिकत्व घेतलं. १८ मार्च १९६५ च्या रात्री रोमच्या एका हॉटेलात भरपेट जेवण झाल्यावर तो जागीच कोसळला. वय अवघं ४५. विष दिलं अशी कुजबुज झाली, सिद्ध काही झालं नाही.

वालिद आणि आजोबा जिथं आहेत त्या कैरोच्या रिफाई मशिदीत दफन व्हावं, अशी त्याची इच्छा होती. नासरनं ती नाकारली. सौदीचे शाह फैसल यांनी आपल्या देशात दफनाची तयारी दाखवली, तेव्हा नासरनं परवानगी दिली, पण रिफाईत नाही. रात्रीच्या अंधारात मय्यत आणली आणि होश अल-बाशा या खानदानी मकबऱ्यात गुपचूप मिट्टी दिली. हा मकबरा इमाम शाफईंच्या मजारीजवळच्या कबरस्तानात आहे, ज्यांच्या मसलकावर आपल्या कोकणातले मुसलमान चालतात. पुढं सादातच्या काळात त्याला रिफाई मशिदीत हलवलं गेलं. तिथंच थोड्या अंतरावर १९८० मध्ये इराणचा पदच्युत शाह दफन झाला, जो कधीकाळी फारूकच्या बहिणीचा शोहर होता. दोन बादशहा, दोघंही तख्त गमावलेले, एकाच छताखाली.

काय राहिलं?

इथं आपल्याकडच्या एका समकालीन शौकिनाची आठवण काढावीशी वाटते. हैदराबादचे तिसरे सालारजंग. मराठवाडाही त्या वेळी त्याच रियासतीत होता. त्यांनीही आयुष्यभर घड्याळं, किताबी, हस्तिदंत, चिनी माती असं काय काय जमवलं. १९४९ मध्ये त्यांचा इंतेकाल झाला, मागं वारस नव्हता. पण माल लिलावात गेला नाही. १९५१ मध्ये लोकांसाठी संग्रहालय उघडलं. नांदेड-औरंगाबादहून जाणारी कुटुंबं आजही तिथल्या संगीत घड्याळापुढं मुलांना घेऊन बसतात. तास भरला की दरवाजा उघडून छोटा पुतळा बाहेर येतो, घंटा वाजवतो आणि पोरं टाळ्या पिटतात.

सुंदर वस्तूची आवड असणं हा गुन्हा नाही. अल-जझरीच्या हत्तीपासून जिनिव्हाच्या पक्ष्यापर्यंत, माणसाच्या अक्कलहुशारीची ती निशाणी आहे. ज्या हातांनी भट्टीत मीना भाजला, त्या कारागिरांना सलामच करावा. सवाल एवढाच की ती वस्तू कुणाच्या पैशानं आली आणि तिच्यात गुंतून कोणतं काम मागं पडलं. फारूकच्या हाती रयत अमानत म्हणून आली होती. सोळाव्या वर्षी लोकांनी जे प्रेम दिलं ते कुठल्याही लिलावात मिळणारं नव्हतं. ते जपायला रोज थोडा वेळ द्यावा लागतो. त्याच्याजवळ वेळ दाखवणारी यंत्रं ढिगानं होती, पण त्यातली वेळ रयतेसाठी फारशी निघाली नाही.

अल्लाह मरहूमची मगफिरत करो, आणि आपल्याला मिळालेली अमानत, मग ती घराची असो, जमातीची असो की दुकानाची, वेळेवर सांभाळण्याची तौफिक देवो.